हात कुठे ठेवायचा? : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्याच्या सदरात रिचर्ड रेनाल्डी या अमेरिकी छायाचित्रकाराच्या एका उपक्रमाविषयी लिहिले होते. रस्त्यात भेटलेल्या, एकमेकांना अजिबात न ओळखणाऱ्या दोघातिघांना तो एकत्र उभे करतो, एकमेकांना स्पर्श करायला सांगतो आणि त्यांचे व्यक्तिचित्र टिपतो. हे काम त्याने २००७ मध्ये सुरू केले आणि २०१४ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. लेखावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. काही पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : ती छायाचित्रे पाहताना मला आधी भरून आले आणि थोड्या वेळाने फसवले गेल्यासारखे वाटले. ज्यांना एकमेकांचे नावही ठाऊक नाही त्यांना गळ्यात हात घालायला लावायचे आणि त्याला माणुसकीचे नाते म्हणायचे, हे निव्वळ नाटक नव्हे काय? (एक निवृत्त शिक्षिका)

नाटक आहे, आणि ते कोणापासून लपवलेलेही नाही. व्यक्तिचित्रण हा प्रकार जन्मापासूनच सांगून-सवरून केलेला आहे. एकोणिसाव्या शतकातील स्टुडिओत फोटो उमटायला इतका वेळ लागे, की मान हलू नये म्हणून बसणाऱ्याच्या डोक्यामागे लोखंडी आधार लावत, आणि तो फोटोत दिसू नये अशा बेताने माणसाला बसवत. आपल्या घरातल्या समारंभाचे फोटो आठवून पाहा. ‘जरा जवळ सरका, खांद्यावर हात ठेवा’ असे छायाचित्रकार तेथेही सांगतोच. पण ती माणसे सख्खी असल्यामुळे त्या सांगण्याला आपण नाटक म्हणत नाही. तेव्हा आज्ञा दिली गेली का, या प्रश्नातून फारसे काही हाती लागत नाही. आज्ञा मिळाल्यावर शरीराने तिचे काय केले, हे मला अधिक बोलके वाटते.

म्हणून अशी छायाचित्रे पाहताना मी चेहऱ्यांकडे सर्वांत शेवटी जातो. फोटोसाठी चेहरा कसा करायचा हे आपण लहानपणापासून शिकलेलो असतो आणि तो चेहरा हवा तेव्हा काढून लावता येतो. परक्या माणसाच्या खांद्यावर ठेवायचा हात मात्र कोणी घटवलेला नसतो. ‘स्पर्श करा’ एवढे छायाचित्रकार सांगू शकतो. किती भार टाकायचा, कोणते बोट उचलून धरायचे, तळवा टेकवायचा की नुसती बोटांची टोके, हे ज्याचे त्याचे शरीर ठरवते आणि तेही त्याला न विचारता.

माझ्याच कामातली एक गोष्ट सांगतो. एका उद्यानात बाकावर बसलेले सत्तरीचे एक गृहस्थ आणि सायकल थांबवून पाणी प्यायला आलेला एक तरुण, दोघेही फोटोला तयार झाले. गृहस्थांनी तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला खरा, पण चार बोटेच टेकली होती आणि अंगठा हवेत होता. इस्त्री तापली आहे का हे पाहताना आपण बोट जसे टेकवतो, तसा तो सगळा हात होता. तरुणाने हेल्मेट दोन्ही हातांनी पोटाशी धरले होते, ढालीसारखे. दोन फ्रेम झाल्या आणि रोल संपला. मी मान खाली घालून रोल बदलत होतो, तेवढ्यात गृहस्थांनी हेल्मेटच्या पट्ट्याबद्दल काहीतरी विचारले आणि तरुण तो दाखवायला किंचित वाकला. मी वर पाहिले तेव्हा अंगठा खाली येऊन शर्टाच्या कॉलरवर विसावला होता, आणि माझ्या कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. ती भरून होईपर्यंत दोघांनी पुन्हा आपापले फोटोतले चेहरे चढवले होते. अंगठा मात्र तेथेच राहिला. मी तीच फ्रेम ठेवली. पाहणारे त्यातल्या चेहऱ्यांना ठोकळेबाज म्हणतात आणि त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. पण पहिल्या फ्रेमपासून तिसऱ्या फ्रेमपर्यंत त्या अंगठ्याने जो प्रवास केला, तो मी सांगितलेला नव्हता. तुम्हाला जे भरून आले, ते अशाच एखाद्या न सांगितलेल्या गोष्टीमुळे आले असावे. तेवढ्यापुरते तरी तुम्हाला कोणी फसवलेले नाही.

प्रश्न : मला असे फोटो काढून पाहायचे आहेत. परंतु अनोळखी माणसाशी बोलायचे कसे, आणि त्याला दुसऱ्या अनोळखी माणसाला हात लावायला सांगायचे तरी कसे? लोक चिडत नाहीत काय? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

चिडणारे फार थोडे भेटतात. ‘नको’ म्हणून पुढे जाणारे पुष्कळ. त्यामुळे धीर गोळा करायचा तो नकार ऐकण्यासाठी.

जागा अशी निवडा की जेथे लोकांकडे वेळ असतो आणि हातांना काही काम नसते : गाडीची वाट पाहणारे, रांगेतले, उद्यानात बसलेले. धावपळीत असलेल्या माणसाला अडवले तर तो होकार देईल तोही सुटका करून घेण्यासाठी. जवळ गेल्यावर कॅमेरा उघड दिसू द्या, आपले नाव सांगा आणि सगळा बेत पहिल्या दोन वाक्यांतच मांडा. ‘एक फोटो काढू का’ म्हणून सुरुवात करायची, माणूस उभा राहिला की दुसऱ्याला बोलावायचे आणि मग स्पर्शाचे काढायचे, ही युक्ती पुष्कळजण करतात. मला ती लबाडी वाटते. आधी काढलेला एखादा फोटो कागदावर छापून खिशात ठेवा. शंभर शब्दांनी समजत नाही ते तो हातात दिल्यावर समजते, आणि फोन पुढे करण्यापेक्षा कागद पुढे केला की माणूस तो निवांत पाहतो. फोटोचे पुढे काय होणार, कोठे लागणार, त्याची प्रत मिळणार की नाही, हेही त्याच वेळी सांगून टाका.

यापुढची गोष्ट मी चूक करून शिकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कित्येक वर्षांपूर्वी मी एका तरुणीला आणि एका मध्यमवयीन गृहस्थांना शेजारी उभे केले आणि त्या दोघांसमोरच तिला विचारले, ‘त्यांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला तर चालेल ना?’ ती हो म्हणाली. मी ‘अजून थोडे जवळ’ म्हणालो, त्यालाही ती हो म्हणाली. फोटो धुऊन हातात आला तेव्हा दिसले, की तिचे पाय जागेवर होते, चेहऱ्यावर हसू होते आणि कमरेपासून वरचे शरीर वाऱ्यात वाकलेल्या रोपासारखे पलीकडे झुकले होते. मला ती रेषा देखणी वाटली आणि मी तो फोटो प्रदर्शनात लावला. ती प्रदर्शनाला आली, बराच वेळ त्यापुढे उभी राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, की दोन माणसे तोंडाकडे पाहत असताना नाही म्हणणे उद्धटपणाचे दिसले असते, म्हणून मी हो म्हणाले होते. तो फोटो मी त्याच दिवशी उतरवला.

तेव्हापासून मी दोघांना वेगवेगळे गाठून विचारतो, दुसऱ्याच्या कानावर पडणार नाही अशा अंतरावर. आणि ‘चालेल ना’ असे विचारत नाही, कारण त्या प्रश्नातच उत्तर भरलेले असते. ‘तुम्ही दोघे कसे उभे राहाल? हात कोठे असावा आणि कोठे नसावा?’ असे विचारतो. जो वयाने, अंगाने किंवा अधिकाराने दुबळा दिसतो, त्याला स्पर्शाची जागा आधी ठरवू देतो. कोणी नुसते मनगटाला मनगट लावून उभे राहायचे ठरवले तर तेवढेच पुरे. मागाहून ‘अजून थोडे’ म्हणायचे नाही, ही शिस्त पाळणे वाटते त्याहून अवघड आहे.

एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये माणसांमधल्या अंतरांची एक मोजणी मांडली होती. सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आतली जागा अगदी जवळच्या माणसांसाठी, तेथून १२० सेंटिमीटरपर्यंतची स्नेह्यासोबत्यांसाठी, आणि त्यापलीकडची कामकाजाची व परक्यांची. हे आकडे मुख्यतः अमेरिकी मध्यमवर्गाच्या निरीक्षणातून आलेले आहेत आणि समाजागणिक ते बदलतात, असे हॉलने स्वतःच बजावले आहे. म्हणून पट्टी घेऊन बसू नये. पण तुम्ही दोन माणसांना एका वाक्यासरशी तिसऱ्या वर्तुळातून पहिल्या वर्तुळात आणत आहात, हे लक्षात ठेवले तर बोलताना आपोआप जपून बोलाल.

आणखी एक. जोड्या लावताना म्हातारा-तरुण, श्रीमंत-गरीब, गोरा-काळा अशी विरोधाची गणिते मांडू नका. तसे फोटो चटकन आवडतात, पण त्यात माणसे तुमच्या मुद्द्याची उदाहरणे होऊन बसतात, आणि पाहणाऱ्याला मुद्दा कळला की तो हातांकडे बघतच नाही.

प्रश्न : मी ८५ मिलिमीटरची, १.८ अपर्चरची लेन्स वापरते. एकट्या माणसाचे फोटो उत्तम येतात, पण दोघांच्या फोटोत एक चेहरा हमखास धूसर होतो. फोकसमध्ये दोष असेल काय? (एक हौशी छायाचित्रकार)

फोकस ठीक असावा. अपर्चर म्हणजे लेन्सचे उजेड आत घेणारे छिद्र; त्याचा आकडा लहान तेवढे ते मोठे, आणि पुढे-मागे कमी भाग स्पष्ट येतो. मोठ्या, म्हणजे फुल-फ्रेम सेन्सरवर ही लेन्स १.८ वर पूर्ण उघडी ठेवून दोन मीटरवरून फोटो काढला, तर स्पष्टतेची खोली जेमतेम ६ सेंटिमीटर मिळते. एका चेहऱ्याचे डोळे आणि नाकाचा शेंडा त्यात कसेबसे बसतात; दुसरा माणूस अर्धे पाऊल मागे असला की गेला. त्याच अंतरावर अपर्चर ५.६ केले तर खोली साधारण १९ सेंटिमीटर होते आणि ८ वर २७ च्या आसपास. त्यामुळे ५.६ ते ८ च्या दरम्यान राहा, शटर १/१२५ पेक्षा संथ होऊ देऊ नका आणि उजेड कमी असेल तर आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, खुशाल वाढवा. थोडे दाणे दिसले म्हणून व्यक्तिचित्र बिघडत नाही. दोघांच्या डोळ्यांचे प्रतल एक आहे का, हे बाजूने एक नजर टाकून तपासता येते. पार्श्वभूमी पुसून टाकण्याचा मोह या प्रकारात तसाही आवरावा, कारण ही माणसे कोठे भेटली, हा त्या चित्राचाच भाग असतो.

अर्थात माझा सल्ला लेन्स बदलण्याचा आहे. ८५ ने खांद्यापर्यंतचीच चौकट सहज भरते आणि हात बाहेर राहतात. ५० मिलिमीटरची लेन्स घेऊन अडीच-तीन मीटरवर उभ्या राहा. गुडघ्यापासून वरचा सगळा माणूस येईल, आणि ५.६ वर स्पष्टतेची खोलीही पाऊण मीटरच्या पुढे जाईल.

यंत्राविषयी लिहितोच आहे तर रेनाल्डीच्या कॅमेऱ्याबद्दलही सांगतो, कारण त्याचा परिणाम माणसांच्या उभे राहण्यावर होतो. तो ८ बाय १० इंचांच्या फिल्मचा, तिकाटण्यावर उभा करायचा मोठा कॅमेरा वापरतो. अशा कॅमेऱ्यात मागच्या दुधी काचेवर प्रतिमा उलटी पडते. काळ्या कापडाखाली शिरून ती जुळवायची, मग काचेच्या जागी फिल्मचा होल्डर सरकवायचा. आणि होल्डर आत गेला की छायाचित्रकाराला चित्र दिसेनासे होते. तो कॅमेऱ्याच्या बाजूला येतो आणि उघड्या डोळ्यांनी समोरच्यांकडे पाहत शटर दाबतो. रिचर्ड अ‍ॅव्हेडन या अमेरिकी छायाचित्रकाराने १९७९ ते १९८४ या काळात पश्चिम अमेरिकेतील कामकरी लोकांची मोठी चित्रमालिका याच आकाराच्या कॅमेऱ्याने केली, तेव्हा तोही भिंगाशेजारी उभा राहत असे. या सगळ्या खटाटोपात जी काही मिनिटे जातात, तेवढा वेळ दोन परकी माणसे एकमेकांना हात लावून नुसती उभी असतात. तिकाटणे आणि थोडा संथपणा तुमच्या डिजिटल कॅमेऱ्यालाही परवडेल.

प्रश्न : विचारून काढलेल्या फोटोत सहजपणा राहत नाही. गुपचूप टिपलेली माणसेच खरी असतात, असे थोर छायाचित्रकारही मानत नव्हते काय? (एक वाचक)

काहीजण मानत होते. वॉकर इव्हान्स या अमेरिकी छायाचित्रकाराने १९३८ ते १९४१ या काळात न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोरच्या बाकावरच्या प्रवाशांचे फोटो काढले. कॅमेऱ्याची चकाकणारी धातूची अंगे त्याने काळी रंगवली होती, भिंग कोटाच्या दोन गुंड्यांमधून डोकावत असे आणि शटरची तार बाहीतून हातात आलेली असे. ते चेहरे अद्भुत आहेत यात वाद नाही; आणि त्याने त्यांचे पुस्तक १९६६ पर्यंत येऊ दिले नाही, हेही विसरू नये. फिलिप-लोर्का डिकोर्शिया याने १९९९ ते २००१ या काळात टाइम्स स्क्वेअरमध्ये वर फ्लॅश लावून, दूर उभे राहून, नकळत जाणाऱ्यांचे चेहरे टिपले. त्यांतील एका गृहस्थांनी दावा लावला. न्यू यॉर्कच्या न्यायालयाने २००६ मध्ये, इतर कारणांबरोबरच हे चित्र कलाकृती आहे, जाहिरात वा व्यापारी वापर नव्हे, असे मानून तो फेटाळला. कायदा देशागणिक वेगळा असतो, तो आपापल्या ठिकाणचा पाहावा.

पण या दोघांच्या चित्रांत माणसे एकेकटी आहेत, आणि तो एकटेपणाच त्या चित्रांचा विषय आहे. कोणी पाहत नाही असे वाटणारा माणूस खरा आणि कोणी पाहत आहे हे जाणणारा खोटा, हे मला मान्य नाही. आपला निम्मा दिवस दुसऱ्याच्या नजरेसमोर जातो. तेव्हाचे आपण काही कोणी वेगळे नसतो. परक्या दोघांमध्ये काय घडते ते तुम्हाला पाहायचे असेल, तर ते घडायला निमित्त लागते, आणि ते निमित्त उघडपणे पुढे करण्यावाचून मार्ग नाही.

प्रश्न : दोघांनी एकमेकांकडे पाहावे की कॅमेऱ्याकडे? (एक वाचक)

कॅमेऱ्याकडे. एकमेकांकडे पाहायला सांगितले की दोघेही हसू लागतात, नाहीतर सिनेमातली जोडी होतात. नजर कॅमेऱ्यात गुंतली की हाताकडचे लक्ष सुटते, आणि आपल्याला नेमके तेच हवे असते. लहान मुलांना मात्र या प्रयोगात घेऊ नका. पालक हो म्हणाले तरी नाही.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी एका छायाचित्रकाराने मला आणि एका अनोळखी बाईंना हात धरून उभे केले होते. फार तर पाच मिनिटे. त्यानंतर आम्ही कधी भेटलो नाही, मला त्यांचे नावही माहीत नाही. तो फोटो माझ्याकडे आहे आणि तो पाहिला की एखादी जुनी मैत्रीण दुरावल्यासारखे वाटते. पाच मिनिटांच्या ओळखीवर असे वाटणे हास्यास्पद नाही काय? (नाव न छापण्याची विनंती)

मुळीच नाही. आर्थर अ‍ॅरन हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात अनोळखी माणसांच्या जोड्यांना ३६ प्रश्न क्रमाने एकमेकांना विचारायला दिले होते; पहिले साधे, पुढचे उत्तरोत्तर अधिक खासगी. ४५ मिनिटांनंतर, नुसत्या इकडच्या-तिकडच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना आपण अधिक जवळ आलो असे वाटले. हे पक्के स्नेहबंधन नव्हे, हे संशोधकांनीही मान्य केले आहे. पण जवळीक वाटायला वर्षेच लागतात असे नाही, एवढे त्यातून दिसते. स्वतःच्या शरीरालाच कलेचे माध्यम करणारी कलावंत मरीना अब्रामोविच २०१० मध्ये न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात रोज खुर्चीवर बसून राहत असे आणि समोरच्या खुर्चीत येईल त्या परक्या माणसाकडे न बोलता पाहत असे. मार्को अनेल्ली या छायाचित्रकाराने तेथे समोर बसणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा टिपला. दीड हजारांहून अधिक व्यक्तिचित्रे झाली, आणि प्रत्येकाखाली तो माणूस किती मिनिटे बसला हे त्याने नोंदवले. त्यात रडणारे चेहरे पुष्कळ आहेत. तेथे तर शब्दही नव्हता आणि स्पर्शही नव्हता.

तुमच्या बाबतीत या दोन्हींपेक्षा एक गोष्ट जास्त आहे : तुमच्याकडे दोघी एकत्र असल्याचा पुरावा आहे. बहुतेक पाच मिनिटांच्या ओळखी विरून जातात कारण त्यांचे काहीच उरत नाही. तुमची उरली आहे, आणि फोटोतल्या दोन बायका जुन्या मैत्रिणींसारख्या उभ्या असल्यामुळे पाहणाऱ्या कोणालाही, म्हणजे आता तुम्हालाही, त्या तशाच वाटतात. आठवण कोठे संपते आणि फोटोने घातलेली भर कोठे सुरू होते, हे तुम्हाला सांगता येणार नाही; मलाही ते माझ्या स्वतःच्या लहानपणाच्या फोटोंबाबत सांगता येत नाही.

त्या छायाचित्रकाराचा पत्ता लागत असेल तर दोन गोष्टी मागा. त्या बाईंचा पत्ता मागू नका, तो त्याने देऊही नये. पण तुमची चिठ्ठी त्यांच्याकडे पोहोचवशील का, असे जरूर विचारा. दुसरे, त्या दिवशी काढलेल्या सगळ्या फ्रेम दाखवायला सांगा, टाकून दिलेल्यासुद्धा. पहिली आणि शेवटची शेजारी ठेवून दोन्ही चेहरे कागदाने झाका आणि तुमच्या दोघींचे हात पाहा. कोणाच्या बोटांनी आधी पकड घेतली, ते कदाचित तेथे सापडेल.